वापरणारे आहेत तरी जुने ड्रायव्हर काढतात, ते का?

प्रश्न थोडक्यात असा. एका छोट्या ऑफिसने रिफर्बिश्ड सर्व्हर घेतलाय, त्याच्यावर सेंटओएस ७ हे लिनक्स वर्षानुवर्षं नीट चालत होतं. जून २०२४ मध्ये त्याचे अपडेट बंद झाले म्हणून रेड हॅट ८ च्या कुळातली डिस्ट्रो (लिनक्सचं तयार पॅकेज) टाकायला गेले, तर इन्स्टॉलरला एकसुद्धा डिस्क दिसेना. शोधाशोध केल्यावर कळलं की त्यांच्या स्टोरेज कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क जोडायच्या कार्डाचा, सपोर्टच काढून टाकलाय. आता त्यांचं म्हणणं असं की कार्ड ठणठणीत आहे, आमच्यासारखे अजून कितीतरी लोक ते वापरतायत, ते चालवणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, लिहून तयार आहे, मग तो तसाच राहू दिला असता तर कुणाचं काय बिघडणार होतं?

राग रास्त आहे. मी बरीच वर्षं लिनक्सच्या स्टोरेज ड्रायव्हरवर काम करतेय, ड्रायव्हर काढायचे पॅच (कोडमधले बदल) रिव्ह्यू केलेत आणि काढू नका म्हणून भांडलेयसुद्धा, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून माहितीयेत. माझं मत असं की ड्रायव्हर किती लोक वापरतात यावर टिकत नाही, कार्ड हातात असलेला आणि नवीन कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) ते लावून बघणारा एक तरी माणूस आहे का, यावर टिकतो. बाकी सगळं यातूनच निघतं.

पण आधी तुमचं काम. तुमच्या केसमध्ये लिनक्स कर्नलने ड्रायव्हर काढलेलाच नाहीये, डिस्ट्रोने बंद केलाय, आणि लोक या दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतात. रेड हॅट ८ आली २०१९ मध्ये, तेव्हा त्यांनी जुन्या कंट्रोलरची मोठी यादीच सपोर्टमधून काढली. बऱ्याच ठिकाणी तर ड्रायव्हरचं मॉड्यूल डिस्ट्रोमध्ये आहे पण त्याच्या आतल्या टेबलमधून तुमच्या कार्डाचा पीसीआय आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, उडवलाय, म्हणून मॉड्यूल लोड झालं तरी कार्डाला ओळखच देत नाही. उदाहरणार्थ १०००:००६० हा आयडी मेगारेड सॅस १०७८ चिपचा आहे, एके काळी ढिगाने विकल्या गेलेल्या सर्व्हरमध्ये ही चिप होती आणि आज तेच सर्व्हर लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. मूळ कर्नलच्या मेगारेड सॅस ड्रायव्हरमध्ये हा आयडी अजून आहे.

म्हणून एलएसपीसीआय कमांड डबल एन ऑप्शनने चालवा आणि कंट्रोलरचा आयडी बघून ठेवा. मग ईएलरेपो नावाच्या प्रोजेक्टकडे जा, ते लोक असे काढलेले ड्रायव्हर परत बिल्ड करून देतात आणि इन्स्टॉलेशनच्या वेळी लागणारी ड्रायव्हर डिस्कची आयएसओ पण देतात, बूट ऑप्शनमध्ये आयएनएसटी डॉट डीडी लिहून ती द्यायची. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर त्यांची की मशीनमध्ये इम्पोर्ट करावी लागते, नाहीतर मॉड्यूल लोडच होत नाही. याहून सोपा रस्ता म्हणजे अल्मालिनक्स ९.४ किंवा पुढची. २०२४ मध्ये त्यांनी मेगारेड सॅस, एमपीटी सॅस, एचपीएसए, एएसीरेड असल्या ड्रायव्हरमधले काढलेले आयडी स्वतःहून परत चालू केले. किंवा डेबियन टाका, तिथे मूळ कर्नलमध्ये जे आहे ते साधारण मिळतं. कुठलाही रस्ता घ्या पण आधी डेटाचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर, कारण एवढ्या जुन्या कंट्रोलरमधली, अजून डिस्कवर न गेलेला डेटा जपणारी बॅटरी बहुतेक मेलेली असते.

डिस्ट्रोवाले असं का करतात ते समजण्यासारखं आहे. ते दहा वर्षांच्या सपोर्टचे पैसे घेतात, म्हणजे दहा वर्षं ते कार्ड लॅबमध्ये ठेवून प्रत्येक अपडेट त्याच्यावर चालवून बघायला हवं, आणि कार्ड बनवणाऱ्याने तर केव्हाच हात वर केलेले असतात.

आता मोठा प्रश्न, मूळ कर्नलमधूनच काढतात तेव्हाचा. कोड पडून राहिला तर काय बिघडतं?

कर्नलच्या आत कोड पडून राहतच नाही, हे बाहेरून लक्षात येत नाही. लिनक्समध्ये बाहेरच्या प्रोग्रॅमसाठीचा इंटरफेस जपतात, तो मोडला की बोंबाबोंब होते आणि बदल मागे घेतात. पण कर्नलच्या आतले इंटरफेस कधीही बदलू शकतात, आणि जो बदलतो त्यानेच ते वापरणारे झाडून सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे असा नियम आहे. एक जवळून बघितलेलं उदाहरण सांगते. नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) आधी ड्रायव्हर थेट कर्नलच्या स्ट्रक्चरमध्ये लिहायचे, २०२१ च्या शेवटी ठरलं की ती जागा ड्रायव्हरसाठी फक्त वाचण्यापुरती ठेवायची आणि लिहायचं असेल तर ठरलेल्या फंक्शनमधूनच, म्हणजे ॲड्रेस वेगाने शोधता येतील. कर्नल ५.१७ मध्ये ते पूर्ण झालं. नवीन ड्रायव्हरमध्ये हा एका ओळीचा बदल. पण नव्वदीतल्या आयएसए (जुन्या पीसीतल्या स्लॉटच्या) कार्डांचे ड्रायव्हर बघा, ते पोर्टवरून एक एक बाइट वाचून लूपमध्ये थेट तिथेच टाकत होते, काही तर तिथूनच परत वाचून कार्डाला लिहीत होते, तर असा प्रत्येक ड्रायव्हर उघडून, समजून घेऊन, मधे लोकल ॲरे टाकून बदलावा लागला. ज्यांनी हे केलं त्यांच्याकडे ती कार्डं नव्हती, अख्ख्या शहरात शोधून मिळाली नसती. मग अशा कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) खाली लिहिलेलं असतं, फक्त कंपाइल करून बघितलंय. आणि हा एक बदल झाला, असे बदल दर रिलीजला होत असतात, टायमरचा इंटरफेस बदलला, डीएमएचा बदलला, जुना व्हर्चुअल-टू-बस हिशोब काढला, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी वीस-तीस वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये डोळे फोडत बसलं.

याचा दुसरा परिणाम जास्त वाईट आहे. अशी पंधरा वर्षं न चालवता दुरुस्ती झालेला ड्रायव्हर कंपाइल होतो, कॉन्फिगमध्ये दिसतो, डॉक्युमेंटमध्ये सपोर्टेड लिहिलेलं असतं, आणि कार्ड लावल्यावर मशीन हँग होतं, किंवा स्टोरेजचा असेल तर गुपचूप डेटा खराब करतो. मला काढलेल्या ड्रायव्हरपेक्षा या नावापुरत्या राहिलेल्या ड्रायव्हरची जास्त भीती वाटते, कारण काढलेला असेल तर माणसाला पहिल्याच मिनिटाला कळतं आणि तो जुना कर्नल तरी धरून बसतो. अर्धवट चालणाऱ्या ड्रायव्हरवर लोक वर्षाचे हिशोब ठेवतात हो.

प्रोसेसरचं पण तेच. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स ज्या ३८६ वर लिहायला घेतलं तो ३८६ च त्यांनी २०१२ च्या डिसेंबरमध्ये काढला, ३.८ मध्ये. पॅच इंगो मोल्नारने पाठवले होते, कारण ३८६ मध्ये तुलना-करून-बदलायची ॲटॉमिक इन्स्ट्रक्शनच नव्हती आणि मल्टिप्रोसेसरच्या लॉकिंगला हात लावला की प्रत्येक वेळी त्याच्यासाठी वेगळी वाट ठेवावी लागायची. म्हणजे आजच्या चौसष्ट कोअरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याला ३८६ ची काळजी करावी लागत होती. २०१८ मध्ये ४.१७ मध्ये तर एका झटक्यात आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरची कुळं) काढली, ब्लॅकफिन, क्रिस, टाइल वगैरे, जवळपास पाच लाख ओळी गेल्या, आणि फारसं कुणी ओरडलं नाही.

तिसरं कारण सिक्युरिटीचं, आणि इथे ज्यांच्याकडे ते हार्डवेअर नाही त्यांचा पण संबंध येतो. विंडोजचं ताजं उदाहरण आहे. अगेर कंपनीच्या सॉफ्ट मोडेमचा एलटीएमडीएम६४ नावाचा ड्रायव्हर विंडोजबरोबर वर्षानुवर्षं आपोआप यायचा, तुमच्याकडे मोडेम असो वा नसो. त्यातल्या भोकातून साधा युजर ॲडमिनिस्ट्रेटर होऊ शकत होता, मोडेम न लावताही होऊ शकत होता, आणि हल्लेखोर ते प्रत्यक्ष वापरत होते. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हर दुरुस्त केला नाही, सरळ काढूनच टाकला, आणि सांगितलं की त्याच्यावर अवलंबून असलेले फॅक्स मोडेम आता विंडोजवर चालणार नाहीत. ज्यांची फॅक्स लाइन त्या दिवशी बंद पडली त्यांच्यासाठी हे वाईटच झालं, मंगळवारी अपडेट आलं आणि बुधवारी फॅक्स नाही. पण दुसऱ्या बाजूला मोडेम कधी न पाहिलेली कोट्यवधी मशीन होती ज्यांच्यावर हे भोक उघडं होतं. दुरुस्त करायला तो कोड समजणारं कोणी, आणि टेस्ट करायला हार्डवेअर, दोन्ही लागलं असतं.

लिनक्समध्ये मॉड्यूल सहसा हार्डवेअर लागल्यावरच लोड होतं त्यामुळे थोडं बरं आहे, पण यूएसबीचं तसं नाही. कुणीही एक छोटं बोर्ड यूएसबीत खुपसून ते दहा वर्षांपूर्वीचं अमुक डिव्हाइस आहे असं खोटं सांगू शकतं आणि कर्नल मुकाट्याने तो जुना ड्रायव्हर लोड करतो. २०१७ पासून गूगलचं सिझबॉट रात्रंदिवस कर्नलमध्ये उलटसुलट इनपुट टाकून असे बग शोधतंय. ते बग रिपोर्ट येतात आणि ज्या ड्रायव्हरला मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, नाही तिथे ते भिजत घोंगडं होऊन पडतात.

हे सगळं मान्य केलं तरी वापरणारे शिल्लक नाहीत हे ठरवतात कसं? इथे माझं आमच्याच लोकांशी वाजतं.

चांगली पद्धत कशी असते ते जुन्या आयडीई (जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कच्या) ड्रायव्हरच्या वेळी बघायला मिळालं. त्यांची जागा घेणारे लिबएटीएचे ड्रायव्हर २००६ पासून होते. २०१९ मध्ये जुने ड्रायव्हर लोड झाले की लॉगमध्ये स्पष्ट छापायला लागले की हा २०२१ मध्ये काढणार आहोत, लिबएटीएवर जा, आणि एखादं हार्डवेअर तिथे नसेल तर या मेलिंग लिस्टवर कळवा. मग जुन्या अटारी, मॅकिंटॉशवाल्यांनी खरंच कळवलं, स्वतः ड्रायव्हर नव्या पद्धतीत लिहिले, तपासले, आणि ५.१४ मध्ये जुनी डिरेक्टरी गेली तेव्हा त्यांची मशीन चालूच राहिली. तिकडे फ्रीबीएसडीत तर यासाठी कर्नलमध्ये फंक्शनच आहे, ड्रायव्हर लागला की स्क्रीनवर येतं की हा कोड अमुक व्हर्जनमध्ये जाणार. २०१८ मध्ये त्यांनी जुन्या १०/१०० इथरनेट कार्डांचे बहुतेक ड्रायव्हर काढायचा प्रस्ताव उघडपणे मांडला, यादी प्रसिद्ध केली, लोकांकडून वापराची माहिती मागवली आणि ज्यांचा वापर खरंच दिसला ती नावं यादीतून वगळली. हे असंच करावं लागतं, वेळखाऊ आहे पण माणसाला संधी मिळते.

वाईट पद्धत म्हणजे मेलिंग लिस्टवर पॅच टाकायचा, दोन आठवडे थांबायचं आणि कुणी बोललं नाही म्हणून काढायचा. अरे पण ज्याच्याकडे हे हार्डवेअर आहे तो कर्नलची मेलिंग लिस्ट वाचतो का? भोसरीच्या वर्कशॉपमध्ये मशीनला जोडलेला पीसी सांभाळणाऱ्या माणसाला त्याची कानोकान खबर नसते. तो डिस्ट्रोचा कर्नल वापरतो जो आधीच दोन-तीन वर्षं जुना असतो, त्याच्यावर तो पाच वर्षं काढतो, म्हणजे ड्रायव्हर गेल्याचं त्याला कळतं तोवर मूळ कर्नलमध्ये ती गोष्ट विस्मरणात गेलेली असते, आजूबाजूचा कोड इतका बदललेला असतो की नुसतं रिव्हर्ट करून भागत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की काढायचं ठरलं की ती वॉर्निंग चालू एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) कर्नलमध्ये पण टाका, फक्त नवीनमध्ये नको, आणि मधे किमान एक एलटीएस जाऊ द्या. एवढं केलंत तर माझा विरोध नसतो.

आणि आवाज उठवल्याने फरक पडतो हे मी स्वतः बघितलंय. फ्लॉपीचं घ्या. २०१९ मध्ये फ्लॉपी ड्रायव्हरच्या मेंटेनरने काम सोडलं, ड्रायव्हर अनाथ म्हणून नोंदला, लिनसने लिहिलं की चालणारी फ्लॉपी ड्राइव्ह मिळणंच अवघड झालंय आणि बाजारातल्या यूएसबीवाल्या ड्राइव्ह हा ड्रायव्हर वापरतच नाहीत, पण व्हर्चुअल मशीनमध्ये तो कंट्रोलर अजून असतो म्हणून लगेच काढत नाही. पुढे डेनिस एफ्रेमोव्ह यांनी जबाबदारी घेतली, ड्रायव्हर राहिला. बसलॉजिकच्या स्कझी (डिस्क जोडायच्या जुन्या) कार्डांचं तसंच, एवढा जुना ड्रायव्हर पण व्हीएमवेअरच्या व्हर्चुअल मशीनमध्ये त्या कार्डाची नक्कल येते आणि खरं कार्ड बाळगून असलेला एक डेव्हलपर होता, २०२१ मध्ये त्याने आणि व्हीएमवेअरवाल्यांनी दुरुस्त्या पाठवल्या. हजारो मुक्या युजरपेक्षा हा एक जण जड पडला.

उलट इटॅनियम प्रोसेसर बघा. इंटेलने शेवटच्या चिप २०२१ मध्ये पाठवल्या, म्हणजे हार्डवेअर तसं फार जुनं नाही, वापरणारे होते, हौशी लोक तर काढू नका म्हणून पुढेही आले, तरी ६.७ मध्ये ते गेलं कारण मेंटेनर म्हणून नाव द्यायला तेव्हा कुणी नव्हतं. लिनसचं म्हणणं होतं की बाहेर वर्षभर नीट सांभाळून दाखवा, मग परत घ्यायचा विचार करू. परत घेतात पण, हे नुसतं बोलणं नाही. एच८/३०० आर्किटेक्चर ३.१३ मध्ये काढलं होतं, कुणीतरी नव्याने लिहून आणलं तेव्हा ४.२ मध्ये घेतलं, आणि तो पण थांबला तेव्हा ५.१९ मध्ये पुन्हा काढलं. गिटमध्ये (कोडचा सगळा इतिहास ठेवणाऱ्या सिस्टिममध्ये) जुना कोड कुठे जात नाही.

तर ज्यांच्याकडे असलं हार्डवेअर कामाला आहे त्यांनी काय करायचं. एलएसपीसीआय कमांड के ऑप्शनने चालवून प्रत्येक कार्डाला कुठला ड्रायव्हर लागलाय ते लिहून ठेवा, मग कर्नल सोर्समधल्या मेंटेनर्स फाइलमध्ये त्या ड्रायव्हरसमोर काय लिहिलंय ते बघा. ऑर्फन किंवा ऑब्सोलीट दिसलं तर घंटा वाजली समजा. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, डेप्रिकेटेड शब्द शोधा, हे काम दर अपग्रेडआधी करायचं, नंतर नाही. फॅक्टरीतलं मशीन असेल, नेटवर्कवर नसेल, तर नव्या कर्नलच्या मागे लागूच नका. सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा लिनक्स फाउंडेशनचा प्रोजेक्ट काही ठरावीक कर्नल किमान दहा वर्षं सांभाळतो, ते याच कामासाठी आहे, मात्र तुमचा ड्रायव्हर त्यांच्या कॉन्फिगमध्ये आहे का ते तपासून घ्या. पीसीआय कार्ड असेल तर नवीन कर्नलच्या होस्टवर व्हर्चुअल मशीन करून ते कार्ड थेट आत देता येतं आणि आत जुनी डिस्ट्रो चालवता येते, मदरबोर्डला आयओएमएमयू (कार्ड थेट व्हर्चुअल मशीनला देऊ देणारी सोय) लागतं. आयएसए कार्डाला हा मार्ग नाही. स्वतः डीकेएमएसने (दर कर्नलला मॉड्यूल आपोआप बिल्ड करणाऱ्या टूलने) मॉड्यूल बाहेर सांभाळायचं असेल तर सांभाळा, पण वर सांगितलेली सगळी डोकेफोड मग दर कर्नलला तुमच्या गळ्यात.

आणि ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये राहावा असं मनापासून वाटत असेल तर मेंटेनरला आणि लिस्टला मेल लिहा. काढणं चुकीचं आहे, परंपरा, ई-कचरा वगैरे निबंध नको, त्याने कुणी हलत नाही. लिहा की माझ्याकडे अमुक कार्ड आहे, अमुक कर्नलवर आज चालवलं, हा लॉग, दिवसभर लोड टाकला, चाललं किंवा इथे पडलं, आणि पुढचे पॅच मी दर रिलीज कँडिडेटला (रिलीजआधीच्या चाचणी आवृत्तीला) टेस्ट करून सांगेन. सी कोड येत नसेल तरी चालेल, कर्नल बिल्ड करून बूट करता आला की पुरे, ते एका रविवारी शिकता येतं. कुणाचा पॅच तपासलात तर उत्तरात टेस्टेड-बाय लिहून खाली तुमचं नाव आणि ईमेल द्या, ती ओळ कमिटमध्ये जाते, आणि पुढच्या वेळी कुणी ड्रायव्हर काढायला निघालं की तो आधी गिट लॉगमध्ये हेच बघतो की शेवटचं खऱ्या हार्डवेअरवर कुणी आणि कधी चालवलं होतं. मेल साध्या टेक्स्टमध्ये पाठवा, एचटीएमएल मेल लिस्टचा सर्व्हर परत पाठवतो आणि तुम्हाला वाटतं की आपल्याला कुणी उत्तरच दिलं नाही.